पंडिता रमाबाई

मुलांनो, दुष्काळ पडला की सर्वांत आधी कोणाचे हाल होतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? खेड्यातील गरीब बायकामुलांचे! पंडिता रमाबाईंनी हे स्वतः भोगले होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी शिकू नये, असे मानण्याचा तो काळ. पण त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराण सांगत असे. पुढे दुष्काळ आला. उपासमारीने आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर अनवाणी, उपाशीपोटी देशभर हिंडल्या. १८७८ साली त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले. पुढे ते पुण्याला नेले. धर्मांतरामुळे अनेकांचा रोष झाला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. मग त्यांनी केडगावला आपल्या शेतावरच झोपड्या उभारल्या. तेच ‘मुक्तिसदन’. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या जणींना खाऊ कसे घालायचे? अमेरिका, इंग्लंड येथील चर्चच्या लोकांनी वर्गणी पाठवली. पण आलेला पैसा संपतो, हातातली कला संपत नाही, हे रमाबाई जाणत होत्या. म्हणून त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. मुली लिहावाचायला शिकल्या. विणकाम, शिवणकाम, तेल काढणे शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

उपाशी माणसाला तुम्ही आज भाकरी द्याल. पण उद्या ती त्याने स्वतः कमवावी, यासाठी काय कराल? याचे उत्तर रमाबाईंच्या जीवनात शोधा.