सीताफळाच्या पेशीपासून कॅन्सरच्या पेशीपर्यंत

सातारा-सांगलीकडे कुणाला ‘ब्लड कॅन्सर’ झाला असं कळलं की पुढचा सल्ला ठरलेला, “मुंबईला टाटाला न्या.” पण ब्लड कॅन्सर हा एकच आजार नाही. रक्तातली कोणती पेशी बिघडली, तिच्या गुणसूत्रांत काय बदल झाला, यावरून त्याचे प्रकार पडतात आणि प्रकारावरून औषध ठरतं. पेशीकडे बघायची ही नजर आपल्या देशात ज्यांनी रुजवली, त्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. कमलताई मात्र वनस्पतिशास्त्रात रमल्या. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली! १९३९ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली.

नंतर फेलोशिपवर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर वाढवायचं तंत्र शिकल्या. तिथेच राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर उंदरांवर अभ्यासला. १९६६ ते ७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ मध्ये स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना काढण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ल्युकेमियाच्या एका प्रकारात एक ठराविक बिघडलेलं गुणसूत्र असतं, हे १९६० मध्येच सापडलं होतं. त्याच बिघाडावर ही गोळी काम करते. पूर्वी ज्या रोग्यांच्या हातात मोजकी वर्षं असायची, त्यातले बरेच जण आज रोज गोळी घेऊन नोकरी-संसार करतात. ल्युकेमियाच्या इतर बहुतेक प्रकारांना मात्र तिचा उपयोग नाही. म्हणून प्रकार ओळखणं हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

आपण इंजिनिअर लोक फॉल्ट सापडल्याशिवाय पार्ट बदलत नाही. कमलताईंनी आयुष्यभर माणसाच्या शरीरातला फॉल्टच शोधला, तोही पार पेशीत शिरून!