रेव्हरंड चार्ल्स डॉजसन ऊर्फ लुईस कॅरल

या वर्षी आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहात काही नवी पुस्तके आली, आणि ज्यांनी अद्भुत कथा म्हणून कधी वाचलीच नाही अशा मुलांच्या हाती प्रथम कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला. खेळाच्या पायावर रचलेल्या अद्भुत कथांचा प्रकार आता फार पसरला आहे. पट, फासे किंवा पडद्यावरील खेळ यांच्या जगात एखादा मुलगा शिरतो व तेथील नियमांनी जगू लागतो, अशी त्यांची साधारण मांडणी असते. त्यांच्या मागे मागे जात राहिले म्हणजे लुईस कॅरल या नावापाशी येऊन थांबावे लागते. परंतु त्यांच्या पुस्तकात पत्त्यांची राजाराणी पाहून आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी ते मुलांस देण्यास हरकत घेतली. हरकत प्रामाणिक होती, कारण पत्त्यांपायी बुडालेली घरे त्यांनी पाहिली आहेत. तेव्हा पुस्तकाचा निवाडा करण्यापूर्वी ते लिहिणारा गृहस्थ कोण होता हे सांगावे, असे आम्ही योजिले.

चार्ल्स लटविज डॉजसन हे त्यांचे खरे नाव. त्यांचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी इंग्लंडातील चेशायर परगण्यात डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक होते. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरे, व मुलग्यांत सर्वांत थोरले. १८४३ साली वडिलांची नेमणूक यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट गावी झाली. तेथील पाळकघराच्या बागेत या मुलाने भावंडांसाठी आगगाडीचा खेळ मांडला. ढकलगाडीची आगगाडी झाली, ठिकठिकाणी स्टेशने झाली, तिकिटे झाली, आणि मुख्य म्हणजे लेखी नियम झाले. पडलेल्या उतारूवरून निदान तीन गाड्या गेल्याखेरीज त्यास डॉक्टरच्या मदतीचा हक्क नाही, असा एक नियम त्यांत होता! नागपूर-नागभीड मार्गावरील लहान गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद होण्यापूर्वी भिवापूरच्या स्टेशनात ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या खेळाची गोडी निराळी सांगावयास नको.

या मुलास एक व्यंग होते. बोलताना तो अडखळत असे. त्याच्या भावंडांपैकी कित्येकांस हाच त्रास होता. शिवाय एका कानाने त्यास कमी ऐकू येई. १८४६ ते १८४९ ही वर्षे त्याने रग्बी येथील प्रख्यात वसतिशाळेत काढली. ती सुखाची नव्हती. पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात तो राहावयास गेला, तोच दोन दिवसांत आई वारल्याची बातमी आली. १८५४ साली गणितात पहिला वर्ग मिळाला, १८५५ साली तेथेच गणिताच्या व्याख्यात्याची जागा मिळाली, आणि ती त्यांनी १८८१ पर्यंत सांभाळली. १८५६ साली आपल्याच नावाचे लॅटिन रूप उलटसुलट करून त्यांनी लुईस कॅरल हे टोपणनाव घेतले. त्याच वर्षी छायाचित्रणाचा नाद लागला, व त्यातही त्यांनी नाव मिळविले.

२२ डिसेंबर १८६१ रोजी ते डीकन झाले. त्यापुढील पायरी धर्मगुरूची; ती त्यांनी कधीच चढली नाही. याची कारणे चरित्रकार निरनिराळी देतात. परंतु ज्या माणसास भर उपासनेत शब्द मध्येच अडेल ही धास्ती सतत असे, त्यास व्यासपीठ किती उंच वाटत असेल हे आम्हां शिक्षकांस समजते. आमच्याही वर्गात अशी मुले असतात. वाचनाची पाळी जवळ येऊ लागली की ती पुस्तकात मान घालून बसतात.

मात्र मुले भोवती जमली आणि खेळ सुरू झाला, म्हणजे डॉजसनसाहेब निराळेच होत. खेळ खेळण्यापेक्षा खेळ घडविण्यात त्यांचे मन अधिक रमे. डीकन होण्याच्या आदल्या वर्षी, १८६० साली, त्यांनी स्वतः रचलेल्या पत्त्यांच्या एका खेळाचे नियम छापले होते, ही गोष्ट आम्ही आमच्या वडीलधाऱ्या बंधूंच्या नजरेस आणून दिली. १८६३ साली त्यांनी हिरवळीवर चेंडू व लाकडी हातोडे घेऊन खेळावयाच्या क्रोके या खेळास नवे रूप दिले. आमचा समज असा की, जेथे प्रत्येकाच्या पाळीचा नियम आधी ठरलेला आहे, तेथे अडखळणाऱ्यासही आपली पाळी निश्चित मिळते. आणि हाच त्यांस खेळाचा मोठा दिलासा असावा.

क्राइस्ट चर्चचे मुख्याधिकारी डीन लिडेल यांच्या लोरिना, ॲलिस व ईडिथ या तीन मुलींशी त्यांचा स्नेह जमला. ४ जुलै १८६२ रोजी डॉजसन व त्यांचे मित्र डकवर्थ यांनी या मुलींस नावेतून गॉडस्टो गावापर्यंत नेले. वाटेत गोष्टीचा हट्ट सुरू झाला. तेव्हा सशाच्या बिळातून खाली पडणाऱ्या एका मुलीची गोष्ट त्यांनी सुचेल तशी, वल्ही मारता मारता सांगितली. ॲलिसने ती लिहून मागितली. स्वतः काढलेल्या सदतीस चित्रांसह ते हस्तलिखित २६ नोव्हेंबर १८६४ रोजी तिच्या हाती पडले. मधल्या काळात, १८६३ च्या जूनमध्ये, लिडेल कुटुंबाशी त्यांचा संबंध एकाएकी थंडावला. त्यांच्या रोजनिशीतले त्या दिवसांचे पान कोणीतरी कापून टाकले आहे. यावरून पुष्कळांनी पुष्कळ तर्क केले आहेत. कापलेल्या पानावर आपल्या मनची शाई ओतणे आम्हांस पसंत नाही.

१८६५ साली मॅकमिलन कंपनीने ते पुस्तक वाढवून व जॉन टेनियल यांची चित्रे घालून काढले. पहिल्या दोन हजार प्रतींतील चित्रांची छपाई टेनियल यांस पसंत पडली नाही, तेव्हा डॉजसन यांनी तोटा सोसून ती आवृत्ती मागे घेतली व पुस्तक नव्याने छापविले. वरवरचे काम गोड मानून घेणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

या पहिल्या पुस्तकात पत्त्यांचे राज्य आहे. इस्पिकची पाने बागेचे माळी, किलवरची शिपाई, चौकटची दरबारी, व बदामची राजाची मुले. इंग्रजीत इस्पिकास कुदळीचे नाव आहे व किलवरास सोट्याचे. म्हणून माळी व शिपाई हे काम त्यांस साजते. मराठी मुलास ही कोटी समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेली कोटी शिळ्या भाकरीसारखी लागते हे कबूल केले पाहिजे. पण बदामच्या राणीच्या क्रोकेला स्पष्टीकरण नको. तेथे हातोड्यांच्या जागी जिवंत पक्षी, चेंडूंच्या जागी काटेरी जनावरे, आणि चेंडू ज्यांखालून न्यावयाचा त्या कमानी म्हणजे ओणवे झालेले शिपाई! पाळी कोणाची याचा पत्ता नाही, आणि राणी घटकेघटकेस कोणाचे तरी डोके उडविण्याचा हुकूम सोडते. विटीदांडूत चिडखोर भिडूशी ज्याची गाठ पडली आहे, तो मुलगा हे प्रकरण ऐकून हसल्यावाचून राहणार नाही.

दुसरे पुस्तक १८७१ च्या नाताळात निघाले. त्यात आरशापलीकडचा सारा मुलूख म्हणजे बुद्धिबळाचा पट आहे व ॲलिस त्यावरील पांढरे प्यादे. लिडेलच्या मुली बुद्धिबळ शिकत असता सांगितलेल्या गोष्टी यात आल्या आहेत. आरंभीच पटाची आकृती व चालींची यादी दिलेली आहे. दोन्ही पक्षांच्या चाली एकाआड एक पडत नाहीत, हे पुढे ग्रंथकारानेच मान्य केले. ॲलिस तिसरे घर आगगाडीत बसून ओलांडते व चौथ्यात पोचते, कारण विलायती नियमाने प्याद्यास पहिल्या खेपेस दोन घरे जाता येते. आमच्या वडिलांच्या वेळी ओट्यावर चालणाऱ्या देशी डावात ही सवलत नव्हती, तेव्हा त्या पिढीच्या खेळाडूस ही आगगाडी कोठून आली हे उमगणार नाही. आपण ज्यास वजीर म्हणतो ते मोहरे इंग्रजांकडे राणी असते, म्हणून आठव्या घरात ॲलिस राणी होते. देशी रीतीने प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते मोहरे होते. ॲलिस वजिराच्याच ओळीतून निघालेली असल्याने त्या हिशेबानेही तिला वजीरपद मिळाले असते. आपल्या उंटास इंग्रज बिशप म्हणतात. कथेत मात्र कोणी बिशप तोंड उघडीत नाही. डीकनाने वरिष्ठांचा मान राखला असावा!

पुढील आयुष्य कॉलेजातल्याच खोल्यांत गेले. १८६८ साली वडील वारले, तेव्हा अविवाहित बहिणींसाठी त्यांनी गिल्डफर्ड येथे घर घेतले. १८७७ च्या नाताळात दोन मुलींच्या करमणुकीसाठी त्यांनी एकेक अक्षर बदलून एका शब्दाचा दुसरा करण्याचा खेळ शोधला. १८८६-८७ च्या सुमारास तर्कशास्त्र शिकविण्यासाठी पट व नऊ सोंगट्यांचा एक खेळ रचला आणि तो ऑक्सफर्डच्या मुलींच्या शाळेत जाऊन स्वतः शिकविला. आलेल्या-गेलेल्या पत्रांची ते नोंद ठेवीत. तिचा शेवटचा आकडा ९८,७२१ आहे. १४ जानेवारी १८९८ रोजी, पासष्ट वर्षे पुरी होऊन, गिल्डफर्डच्या त्या घरी फुप्फुसाच्या दाहाने त्यांचा अंत झाला व तेथीलच दफनभूमीत त्यांस पुरले.

आता मूळ प्रश्न. आमच्या सहकाऱ्यांपैकी काहींचे मत दुसऱ्या पुस्तकाकडे आहे: त्याचे नियम ठरलेले, मार्ग सरळ, व बुद्धिबळ सर्वांस मान्य. हे खरे, परंतु ते पुस्तक पट मांडून रचलेले आहे, आणि पट न जाणणाऱ्या मुलास त्याचे अर्धे मर्म हाती लागत नाही. पहिले पुस्तक तोंडाने सांगितले गेले, तेही ज्याची जीभ अडखळत असे अशा माणसाच्या तोंडून, आणि ऐकणाऱ्यांस काही शिकून यावे लागले नव्हते. म्हणून पहिलेच आधी द्यावे, आणि हातात देण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे, असे आमचे मत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी जाईची नवलकहाणी या नावाने ते मराठीत आणले आहे, ही आमच्या समाजास अभिमानाची गोष्ट होय. आणि पत्त्यांविषयी म्हणाल, तर शेवटी न्यायसभेत ॲलिस उठते व हे सारे राजे, राण्या, शिपाई म्हणजे पत्त्यांची एक चवड आहे असे त्यांच्या तोंडावर सांगते. पत्त्यांच्या दराऱ्यास याहून उघड नकार आम्हांस तरी कोठे आढळला नाही. वडीलधाऱ्या बंधूंस आम्ही तेवढे प्रकरण वाचावयास दिले. त्यांनी अख्खे पुस्तकच घरी नेले, आणि तीन रविवार झाले तरी ते परत आलेले नाही. नातवंडे सोडीत नाहीत असे कळते.

ते आले म्हणजे शनिवारी शेवटच्या तासास पाचवी व सहावीच्या मुलांपुढे वाचन सुरू होईल. आरशाचे पुस्तक ज्यांस हवे असेल त्यांनी आधी पट मांडावयास शिकून घ्यावे; ग्रंथसंग्रहाच्या कपाटात एक पट ठेविला आहे. त्यातील एक पांढरे प्यादे हरवले असून तूर्त त्याच्या जागी शर्टाची गुंडी आहे.