टेबलावर साकारलेला निसर्ग

चित्रकाराने रंगपेटी घेऊन डोंगरात जावे, छायाचित्रकाराने कोवळ्या उन्हासाठी नदीकाठी ताटकळावे, ही निसर्गचित्रणाची रूढ वाट. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांनी ती वाट नाकारली. बंद दाराआड बसून त्यांनी निसर्गच आपल्या टेबलावर उभा केला.

२ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये कला व छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावी आले. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घराला त्यांनी डच चित्रकाराच्या स्मरणार्थ 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' असे नाव दिले. पुढील सुमारे ५० वर्षांत त्या घराचा उंबरठा त्यांनी क्वचितच ओलांडला.

खरे तर विषयांची वाण नव्हती. गावातून तितूर नदी वाहते. दक्षिणेस सातमाळ्याची रांग, पाटणादेवीचे रान आणि पितळखोऱ्याची लेणी आहेत. धुळ्याला जाणारा रेल्वेचा फाटाही येथूनच फुटतो. मूस यांनी मात्र 'टेबल टॉप' छायाचित्रण आपलेसे केले. साध्या, किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश सोडायचा आणि कॅमेऱ्यातून विस्तीर्ण दृश्याचा भास निर्माण करायचा, असे हे तंत्र. एखादी वस्तू प्रमाणाबाहेर गेली वा सावली चुकीच्या दिशेला पडली, तर सारा भास कोसळतो. म्हणूनच झाड कसे झुकते, संध्याकाळ कशी उतरते, हे ज्याने मनात जपले आहे, त्यालाच ते साधते. मूस निसर्गापासून दूर राहिले, पण त्याला विसरले नाहीत. त्यांच्या छायाचित्रांनी देशोदेशींच्या प्रदर्शनांत पारितोषिके मिळवली.

या एकांतामागे अपुऱ्या राहिलेल्या प्रेमाची कथा सांगितली जाते. प्रेयसी पंजाब मेलने येईल या आशेने ते रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडून वाट पाहत, असे म्हणतात. कथेत वास्तव किती आणि आख्यायिका किती, हे बाजूला ठेवले तरी या साधनेची किंमत लपत नाही. ज्या हातांनी टेबलावर अवघे रान उभे केले, त्यांच्या वाट्याला माणसांचा सहवास थोडाच आला.

३१ डिसेंबर १९८९ रोजी मूस यांचे निधन झाले. ज्या घराचे दार त्यांनी जगासाठी जवळजवळ मिटून घेतले होते, तेच पुढे त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय होऊन रसिकांसाठी खुले झाले.