शाहिराच्या आधी पोवाडा रशियात गेला

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. जयंतीच्या व्यासपीठावर प्रत्येक वक्ता ते सांगतो आणि टाळ्या घेतो. परंतु शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या एका मांग तरुणाचे गाणे मुंबईच्या झोपडपट्टीतून मॉस्कोपर्यंत पोहोचले कसे, त्यासाठी कोणत्या संघटना राबल्या आणि पुढे त्या नात्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. आज गावोगावची आंबेडकरी गायन पार्टी आणि कलापथके कशीबशी तग धरून आहेत आणि त्याच वेळी आपले शिकलेले बांधव अमेरिका, इंग्लंड, आखाती देशांत स्थिरावले आहेत. अशा वेळी अण्णा भाऊंचे चरित्र या एका अंगाने पुन्हा वाचणे आम्हाला अगत्याचे वाटते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. वडील भाऊराव, आई वालुबाई. ज्या समाजात ते जन्मले त्या समाजाच्या वाट्याला गावाची अस्पृश्यता तर होतीच, वर इंग्रज सरकारने मारलेला गुन्हेगारीचा शिक्काही होता. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. परंतु हलगी, तमाशा आणि पोवाडा यांची शाळा त्यांच्या घराच्या अंगणातच भरत होती. पुढे पोटासाठी हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. अक्षरओळख त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचून पक्की केली.

माटुंग्याचा लेबर कॅम्प ही त्यांची खरी पाठशाळा. याच वस्तीत कॉ. आर. बी. मोरे यांचा राबता होता. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या संघटकांतले हे नाव. मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तरी बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. कामगारांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच झोपडीत कसे नांदतात, हे अण्णा भाऊंनी तिथे पाहिले. त्यांची सुरुवातीची रचना डासांवरची होती. वस्तीत डासांनी उच्छाद मांडलेला, म्हणून त्यांनी डासांवर गाणे रचले. वस्तीचे दुःख वस्तीच्या भाषेत आणि वस्तीच्या चालीत, हा त्यांचा पाया होता.

त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत रशियातील स्टालिनग्राड शहराने हिटलरच्या फौजेला झुंज दिली आणि तिला शरण यायला लावले. ही बातमी लेबर कॅम्पात आली आणि अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. वंशश्रेष्ठत्वाच्या नावाने माणसे मारणारा हिटलर आणि जन्माच्या नावाने माणसे विटाळ ठरविणारी आपली व्यवस्था यांचे गोत्र एकच आहे, हे ज्याने सोसले आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली, तेव्हा त्यांनी ‘बंगालची हाक’ लिहिली. बर्लिनवरही पोवाडा लिहिला. ज्याच्या स्वतःच्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती तो माणूस रशियाचे आणि बंगालचे दुःख गात होता. आम्हाला या चरित्रातील सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. अण्णा भाऊंनी जगाकडे मदतीसाठी हात पसरला नाही. त्यांनी आधी जगाच्या दुःखाला आपला आवाज दिला आणि मग जगाने त्यांची विचारपूस केली.

हा आवाज एकट्याचा नव्हता. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचा मांग, बार्शीचा मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर, असे हे तिघे एका डफाखाली उभे राहिले. गिरणगावात संपाच्या वेळी, खेड्यात शेतकऱ्यांच्या सभेत हे पथक जाई. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, गौळणीतली राधा गेली आणि वगात सावकार, शेठजी व भ्रष्ट पुढारी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्ये याच मुशीतून निघाली. मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली, शाहिरांमागे पोलिसांचा ससेमिरा लागला. तरी गाणे थांबले नाही.

आता हे गाणे बाहेर कसे गेले ते पाहावे. १९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा स्थापन झाली. बंगालची, आंध्रची, केरळची, पंजाबची लोककला तिने एका छताखाली आणली. १९४९ च्या अलाहाबाद अधिवेशनात अण्णा भाऊ या अखिल भारतीय संस्थेचे अध्यक्ष झाले. मोठमोठे पदवीधर, नट आणि कवी ज्या संस्थेत होते तिचे अध्यक्षपद शाळा न शिकलेल्या शाहिराकडे आले. दुसरीकडे १९४१ पासून सोव्हिएत मित्रांच्या संघटना आणि पुढे १९५२ पासून इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटी काम करीत होती. पोवाडा छापला गेला, त्याचे भाषांतर झाले, तो रशियनमध्ये गेला. त्यांच्या कथा-कादंबऱ्याही त्या भाषेत गेल्या. शाहीर घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत होता आणि त्याचे नाव मॉस्कोत वाचले जात होते. गायक, त्याचे पथक, पथकाची देशव्यापी संस्था, तिची परदेशी मित्रसंघटना आणि भाषांतरकार, अशी ही पाच कड्यांची साखळी होती. यातली एक जरी निखळली असती तरी पोवाडा लेबर कॅम्पाच्या वेशीबाहेर गेला नसता.

इथे काही बांधव विचारतील, की लाल बावट्याच्या शाहिराचा निळ्या झेंड्याशी काय संबंध? हा प्रश्न जुना आहे आणि बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी असलेले मतभेद आम्ही झाकून ठेवणार नाही. परंतु २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. १९५९ मध्ये आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांच्या संदेशावर त्यांनी रचलेले गाणे आजही आपल्या प्रत्येक मिरवणुकीत गायले जाते. त्यांना एका जातीच्या किंवा एका पक्षाच्या कप्प्यात कोंडणे म्हणजे आपणच आपली वाट अडविणे होय.

१९६१ मध्ये इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटीच्या मार्फत अण्णा भाऊ रशियाला गेले. तिथून परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन लिहिले. ज्या शहरावर त्यांनी पोवाडा रचला होता त्या स्टालिनग्राडचे नाव त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बदलून वोल्गोग्राड झाले. शहराचे नाव गेले, पोवाडा राहिला.

जगात अशी उदाहरणे आणखी आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट तेथील सरकारने १९५० मध्ये काढून घेतला. १९५७ मध्ये वेल्सच्या खाणकामगारांनी आपल्या संगीत महोत्सवासाठी त्यांना टेलिफोनच्या तारेवरून गायला लावले. अमेरिकेत गायक आणि समुद्रापार सभागृहात कामगारांचे गानवृंद, असा तो सोहळा झाला. पुढच्या वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पासपोर्ट परत मिळाला. तो महोत्सव खाणकामगारांच्या युनियनने भरविला होता, हे लक्षात घ्यावे. संघटनेने गायकाला हात दिला आणि त्या हाताला सरकारची मनाई रोखू शकली नाही.

मग अण्णा भाऊंच्या बाबतीत काय उणे पडले? ‘वैजयंता’ आणि ‘फकिरा’ यांच्यावर १९६० च्या दशकात चित्रपट निघाले, पुस्तके खपली, तरी लेखकाची विवंचना संपली नाही. आयुष्याच्या शेवटी शासनाकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले आणि तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. लाल बावटा कलापथक तोवर केव्हाच विस्कळीत झाले होते. परदेशाशी जे नाते जुळले ते व्यक्तीच्या नावाने जुळले आणि व्यक्तीबरोबर थांबले. पथकाचे दफ्तर नव्हते, ध्वनिमुद्रणांचा साठा नव्हता, नव्या पोरांना डफ शिकविणारी शाळा नव्हती. २००२ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुतळा गात नाही. गाणारी माणसे आपल्या गावात आहेत.

वसमत तालुक्यातील आमच्या कुरुंद्यासारख्या गावात १४ एप्रिलला भीमगीते होतात, १ ऑगस्टला पोवाडे होतात. हार्मोनियमवाला पुष्कळदा तोच असतो आणि मांडव मात्र दोन असतात. गाणारा दिवसा हळदीच्या शेतात मजुरीला आणि रात्री मंचावर. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंतची परंपरा अशाच माणसांच्या गळ्यात शिल्लक आहे आणि त्यांच्याबरोबर ती जाणार आहे. परदेशातील आपले बांधव विहारासाठी बुद्धमूर्ती पाठवितात, लंडनच्या बाबासाहेबांच्या घरासाठी झटतात, अमेरिकेत पुतळा उभारतात. त्यांनी गाण्याकडेही पाहावे, असे आम्हाला वाटते. मात्र त्यांच्याकडे जाण्याआधी आपले घर नीट असावे लागेल.

वकील म्हणून तीन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली, कलापथकाची नोंदणी करा, हिशेब ठेवा आणि १ ऑगस्ट व १४ एप्रिलचे पथक एकच करा. दुसरी, २०१० च्या परकीय योगदान कायद्याची माहिती घ्या. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या बांधवाने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्याने किंवा तिकडच्या संस्थेने दिलेली देणगी मात्र परकीय ठरते आणि त्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यासही बंदी आहे. प्रेमाने आलेला पैसा अज्ञानापायी खटला होऊन बसू नये. तिसरी, गाण्याचा हक्क सहज लिहून देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. सही करण्याआधी एवढे वाचले तरी गायकाचे पुष्कळ नुकसान टळेल.

आणि पैशाच्याही आधी कागद हवा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी पैसा मागितला नव्हता. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. आपणही गावातील प्रत्येक जुन्या गायकाची गाणी ध्वनिमुद्रित करून रचनाकाराच्या नावासह लिहून काढली आणि परदेशातील शिकलेल्या मुला-मुलींकडून त्यांची भाषांतरे करून घेतली, तर तिकडच्या विद्यापीठांकडे, कामगार संघटनांकडे आणि कृष्णवर्णीयांच्या गानवृंदांकडे घेऊन जाण्यासारखे काहीतरी आपल्या हाती राहील. जगातल्या पीडितांचे दुःख आपल्या गाण्यात येऊ द्यावे, हेही अण्णा भाऊंनीच शिकविले आहे.

येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या प्रतिमेला हार घालताना प्रत्येक जयंती मंडळाने आपल्या खर्चातील डी.जे.ची रक्कम कमी करून एका जुन्या शाहिराची गाणी ध्वनिमुद्रित करावी. लोकशाहिराला तेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!