लोकांचा कौल

कृष्णेच्या खोऱ्यातील देवराष्ट्रे हे एक लहानसे गाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. तेथे आपल्या आजोळी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफाची नोकरी करीत. यशवंत लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले. आई विठाबाई यांनी मोठ्या कष्टाने मुलांना वाढविले. स्वतःला अक्षरओळख नसली, तरी मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता.

पुढे कुटुंब कराडला राहू लागले आणि यशवंत तेथील टिळक हायस्कुलात शिकू लागला. मोठेपणी कोण होणार, असे एकदा गुरुजींनी वर्गात विचारले. इतर मुलांनी थोर पुरुषांची नावे लिहिली. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे लिहून दिले. या उत्तरात गर्व असावा, असे कोणास वाटेल. परंतु पुढील आयुष्य पाहिले म्हणजे तो आत्मविश्वास होता, हे ध्यानी येते.

तो काळ स्वातंत्र्याच्या लढ्याचा होता. १९३२ मध्ये राष्ट्रीय ध्वज फडकविल्याबद्दल या विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याला विद्वान सोबती लाभले आणि वाचनाची गोडी लागली. सुटकेनंतर यशवंतरावांनी शिक्षण पुरे केले. १९४१ मध्ये ते वकील झाले. १९४२ च्या जून महिन्यात त्यांचा विवाह वेणूताईंशी झाला. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू होताच ते भूमिगत झाले. विवाहाला वर्षही झाले नव्हते, तोच वेणूताईंनाही कारावास भोगावा लागला.

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९५२ मध्ये मंत्री झाले. त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी मात्र यानंतर आली. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई ही त्याची राजधानी असावी, यासाठी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. तिच्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. दिल्लीने मात्र गुजरात आणि महाराष्ट्र यांचे मिळून एकच द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याच्या मुख्यमंत्रिपदाची धुरा यशवंतरावांवर पडली. त्यांचे वय तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते.

ज्या राज्याचा कारभार त्यांनी हाती घेतला, ते राज्यच त्यांच्या माणसांना नको होते. पक्षाची शिस्त पाळावी, की लोकांच्या मनाची हाक ऐकावी? यशवंतरावांनी पक्षाचा निर्णय मानला आणि लोकांचा रोष पत्करला. गावोगावी त्यांना काळी निशाणे पाहावी लागली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला; खुद्द यशवंतराव कराडमधून थोड्याच मतांनी निवडून आले.

हा कौल त्यांनी मनावर घेतला. विरोधकांशी त्यांनी वैर धरले नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू आले. त्यांच्या वाटेवर हजारो लोकांनी निदर्शने केली. ती शांततेने पार पडली. मराठी जनतेचे मन पंतप्रधानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. द्विभाषिक राज्य लोकांनी मनापासून स्वीकारलेले नाही, हे यशवंतरावांनी पुढे दिल्लीतील नेत्यांना पटवून दिले. जनतेच्या लढ्याने जे दार ठोठावले होते, ते अखेर उघडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आनंदाच्या त्या घटकेलाही काही सल होताच. बेळगाव, कारवार महाराष्ट्राबाहेर राहिले. पश्चिम खानदेशाच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या भागांतील काही गावे गुजरातेत गेली. धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव महाराष्ट्रात राहिले. राजधानी मुंबईपासून दूर, राज्याच्या सीमेनजीक वसलेल्या अशा आदिवासी भागातील लोकांना नवे राज्य आपले कसे वाटावे, हा प्रश्न होता.

यशवंतरावांनी त्याचे उत्तर सत्तेच्या वाटणीत शोधले. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून, तिच्या शिफारशींच्या आधारे त्यांच्या शासनाने १९६१ मध्ये कायदा केला. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या काम करू लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाना, गावचा रस्ता यांविषयी लोकांनी निवडलेले सदस्य धुळ्यास आणि नवापुरास बसून विचार करू लागले. पुढे १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठाणे विसरवाडीला आणखी जवळ आले. मतदानापुरता आठवणारा खेडूत कारभारात भागीदार व्हावा, हा यशवंतरावांच्या धोरणाचा गाभा होता. गरीब पालकांच्या मुलांना शुल्कमाफी देण्यामागेही हीच दृष्टी होती.

१९६२ च्या नोव्हेंबरात चिनी आक्रमणाने देश हादरला असता नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. पराभवाने खचलेल्या सैन्याची त्यांनी नव्याने उभारणी केली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हा विमानदलाला चढाईची अनुमती देण्यास त्यांनी विलंब लावला नाही. यानंतर गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली; १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. उत्तरायुष्यातील त्यांच्या काही राजकीय निर्णयांवर टीकाही पुष्कळ झाली. १९७५ च्या आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले, याचा जाब लोक त्यांना विचारीत. १९७७ मध्ये त्यांचा पक्ष सत्तेवरून गेला आणि त्यांनी लोकसभेत विरोधी पक्षनेत्याचे काम केले.

१९८३ मध्ये वेणूताई निवर्तल्या. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, यशवंतरावांचेही दिल्लीत निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. आयुष्यभर प्रेमाने जमविलेला त्यांचा ग्रंथसंग्रह कराडमध्येच वेणूताईंच्या नावाने उभारलेल्या स्मारकात जपून ठेवला आहे. आपल्याविरुद्ध गेलेला कौलही कान देऊन ऐकावा आणि हाती आलेली सत्ता गावापर्यंत पोहोचवावी, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.