अख्तर हमीद खान : खैरात नव्हे, हिंमत देणारा माणूस
१९१४ साली आग्र्यात जन्मलेले अख्तर हमीद खान आयसीएस अधिकारी होते. बंगालचा १९४३ चा दुष्काळ पाहिला आणि पुढे साहेबी नोकरीच सोडली. अलीगढजवळच्या खेड्यात कुलपांचं काम करून पोट भरलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले.

१९८० मध्ये कराचीच्या गरीब ओरंगी वस्तीत त्यांनी ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’ सुरू केला. गटारं सरकार बांधेल, अशी लोकांची आशा होती. संस्थेने नकाशे, अवजारं, सल्ला दिला. पैसा आणि मेहनत मात्र गल्लीतल्या घरांनीच घातली. नंतर छोट्या धंद्यांना विनातारण कर्जही दिलं. १९९९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आपणही जकातीतून रेशन द्यावंच. पण शिलाई मशीन, हातगाडीही द्यावी. इन्शाअल्लाह, उद्या तेच घर देणारं होईल.