तोफांचे नांगर करणारा माणूस

प्लाझ्मा आर्कच्या हजारो अंश तापमानात धातूची पावडर वितळवून, थरावर थर चढवत आज अख्खा पार्ट तयार करता येतो. ना पॅटर्न, ना वाळूचा साचा! झिजलेल्या नांगराच्या फाळावरही असाच कठीण धातूचा थर चढवता येतो. पण आपल्याकडे लोखंडी नांगर बनवायला सुरुवात करणाऱ्या माणसाजवळ इंजिनिअरिंगची डिग्रीच नव्हती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांधळेपणा आडवा आला. रंग सुटले, रेषा हातात राहिली. यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगावला भाऊ रामुअण्णांच्या सायकल दुकानात उभे राहिले.

त्या दुकानामागून आधी कडबा कापायचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. गंमत म्हणजे लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती! नांगर खपायला सुरुवात व्हायलाच दोन वर्षे गेली. लक्ष्मणराव मात्र नांगरात सुधारणा करत राहिले.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. निवडुंगाचे ते माळरान म्हणजे आजची किर्लोस्करवाडी. लगेच पहिले महायुद्ध आले. कच्चे लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

डहाणूजवळच्या कैनाडसारख्या गावात पाऊस पडला की भाताच्या नांगरणीची घाई सुरू होते. त्या आठवड्यात फाळ मोडला तर शेतकऱ्याने थांबायचे कसे? लॅबमधली प्लाझ्माची ज्योत त्याच्या फाळापर्यंत परवडेल अशा भावात पोचवायची कशी, हा प्रश्न लक्ष्मणरावांनी नक्की हातात घेतला असता. आता तो आपल्यासमोर आहे. प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? मग घ्या की!